वासना, पाठ आणि श्रोत्याची बोली

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर पंडित म्हाइंभटांनी लीळा मिळविल्या, त्या एका मुखातून नव्हेत. ज्याने जे पाहिले, ज्याच्या सन्निधानी जे घडले, ते त्याच्याकडून ऐकावे व श्रीनागदेवाचार्यांकडून पारखून घ्यावे, असा हा उद्योग होता. बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, साधें या स्त्रिया लीळांत नुसत्या वावरत नाहीत. त्यांनी विचारले म्हणून स्वामींनी निरूपिले, असे प्रसंग पदोपदी आहेत. महदाइसेचे प्रश्न वगळले तर कितीतरी निरूपण अबोल राहिले असते.

पुढे खालशाच्या धामधुमीत मूळ पोथ्या अंतरल्या आणि लीळाचरित्र स्मरणातून पुन्हा उभे राहिले. त्या स्मरणाच्या परंपरांत एक पाठ हिराइसेचा आहे. दोन स्मरणे जुळली नाहीत तेव्हा पूर्वाचार्यांनी एक खोडून दुसरे ठेवले नाही. ‘वासना’ म्हणून दोन्ही नोंदविली. आपल्या मार्गातील ग्रंथशुद्धीचे हे वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. पुष्कळ वाचक वासनाभेद आला की तो अडथळा समजून ओलांडतात. वस्तुतः तेथेच दुसऱ्या साक्षीदाराचे तोंड दिसते.

वाचनात आज नेमके हेच मागे पडते. बहुतेक ठिकाणी नित्यपाठात ठराविक लीळा येतात. सूत्रपाठ व दृष्टांतपाठ यांवर निरूपण होते, ते योग्यच. परंतु महदंबेचे धवळे, जे श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी रिद्धपुरी स्फुरले आणि आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचे नाव सर्व महाराष्ट्र घेतो तिची ही रचना, किती ठिकाणी सलग वाचली जाते? विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केल्यावर बाहेरील विद्वान या वाङ्मयाकडे धावले. घरच्यांनी त्यांच्या मागे राहावे हे शोभत नाही.

गोंदिया जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. १ मे १९९९ पर्यंत हा प्रदेश भंडारा जिल्ह्यातच होता आणि भंडारा हे नाव मार्गाला नवे नाही: स्वामींना अनुसरलेले नीळभट्ट भांडारेकार याच भागाचे. येथील वासनिकांच्या घरी कोठे झाडीबोली, कोठे पोवारी बोलली जाते. सालेकसा-देवरीकडे गोंडी कानी पडते. झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ होतो, एवढ्यावरून वृद्ध वासनिकेने पोथी हाती घेतली की उच्चार सुधारण्याची घाई होते. ती मग वाचनास बसत नाही, ऐकण्यापुरती राहते. तिच्या आजीने सांगितलेली एखाद्या लीळेची समजूत तिच्याबरोबरच जाते. पोथी वाचली, पण ऐकून घेणारा नाही म्हणून हानी झाली.

केशिराजबासांसारखा संस्कृतज्ञ मार्गात होता. त्यांचे रत्नमालास्तोत्र प्रसिद्धच आहे. तरी शास्त्र संस्कृतात मांडण्याचा विचार आला तेव्हा आचार्यांनी त्यास अनुमोदन दिले नाही. तसे झाल्यास आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, ही त्यांची चिंता स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. त्या म्हाताऱ्यांची भाषा तेव्हा मराठी होती. तिरोडा-आमगावच्या म्हातारीची घरची भाषा पोवारी असेल, तर तोच न्याय तिला का लागू नये?

येथे एक मर्यादा पाळावी लागेल. सूत्र व मूळ लीळा अक्षरशः वाचावी. तेथे बोलीचा फेरफार चालणार नाही. निरूपण मात्र श्रोत्याच्या बोलीत होऊ शकते, आणि ते त्या बोलीच्याच उपदेशी वासनिकाने किंवा तपस्विनीने केले तर अधिक चांगले. वाचनास आरंभ करताना वासना वा पाठ कोणाचा, हे नाव घेऊन सांगावे. हिराइसेचा असेल तर हिराइसेचा. वृद्धांनी निरूपणात जे वेगळे सांगितले असेल ते वहीत त्यांच्या नावासह, त्यांच्याच उच्चारात टिपावे आणि सुधारून लिहू नये.