प्लेट कापण्याआधी

नांदेड

चि. बाळ्यास, मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं ड्रॉइंग मिळालं. जुन्या जीपचे पुढचे दोन ड्रम काढून तिथं डिस्क बसवायचे आणि कॅलिपर धरणारं ब्रॅकेट घरीच करायचं, हा बेत मला आवडला. पण ‘प्लेटचा तुकडाच तर आहे, गॅस कटरनं कापला की झालं’ असं तू लिहिलंस, ते काही पटलं नाही.

त्या तुकड्यावर भार किती येतो, ते आधी मांडून बघ. माणसांसह जीप दीड टन धर. करकचून ब्रेक मारला की वजन पुढं येतं आणि पुढच्या एकेका टायरला रस्ता साधारण 350 किलोच्या जोरानं मागं ओढतो. टायरची त्रिज्या 35 सेंटिमीटर, पॅड डिस्कला धरतात ती 12. म्हणजे तोच जोर जवळपास तिप्पट होऊन ब्रॅकेटवर येतो. लातूरच्या अडतीतलं दहा क्विंटल सोयाबीन दोन बोल्टांना टांगावं, तसं झालं हे.

रोज गावात फिरताना आपण ब्रेक हलकेच दाबतो, तेव्हा याच्या पाव हिस्साही भार येत नाही. त्यामुळे कच्चं ब्रॅकेटही सहा महिने बिनबोभाट चालतं. अहमदपूर रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला की मगच त्याची परीक्षा होते. म्हणून ‘इतके दिवस टिकलं’ या गोष्टीवर विसंबू नकोस.

प्लेट 12 मिलिमीटरची आणि ग्रेड माहीत असलेली घे, भंगारातली नको. ती करवतीवर काप, कडा घासून घे. आतला कोपरा काटकोनी ठेवू नकोस, तडा तिथूनच सुरू होतो. तुकडे वेल्ड करून जोडू नकोस, ब्रॅकेट अखंड हवं. बोल्टच्या डोक्यावर 10.9 कोरलेलं बघून घे, आणि होलमध्ये आटे नाही, बोल्टचा गुळगुळीत भाग बसू दे. कॅलिपर डिस्कला समांतर आहे का, ते डायल गेज लावून तपास. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठं ओढला जातो का, तेही बघ.

नुसत्या ब्रॅकेटवर भागत नाही. ड्रमचा पुढचा (लीडिंग) शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आवळला जातो, डिस्कला तशी मदत नसते. बूस्टर नसेल तर पेडल दगडासारखं लागेल. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड घासत राहून डिस्क तापेल.

बाहा एसएई इंडिया स्पर्धेत इंजिनिअरिंगची पोरं स्वतःच्या हातानं गाडी बांधतात. तिथं ब्रेक दाबल्यावर चारही चाकं लॉक झाली नाहीत, तर गाडी शर्यतीत उतरूच देत नाहीत. तूही रिकाम्या शेतात, हळू वेगापासून सुरुवात करून, पूर्ण जोरानं ब्रेक मार. मागची चाकं आधी लॉक होत असतील तर गाडी फिरेल, तेव्हा तिथंच थांब. दर खेपेला ब्रॅकेट उतरवून तडा शोध.

शेवटचं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि मूळ बनावटीत मनमानी बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा आधी आरटीओत विचार. तिथून नकार आला तर डिस्कचा नाद सोड, ड्रमच नीट कर. नवे शू, गोल टर्न केलेले ड्रम आणि ताजं ब्रेक ऑइल घातलं तरी ती जीप आजच्यापेक्षा पुष्कळ बरी थांबेल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा