सुटका रद्द झाली, तर अपील कसे करावे?

अमेरिकेतील आदिवासींच्या राखीव भूमीवर आदिवासी आरोपीच्या हातून गंभीर गुन्हा घडला, तर १८८५ च्या मेजर क्राइम्स कायद्याप्रमाणे अनेक राज्यांत त्याचा खटला केंद्रीय न्यायालयात चालतो. या न्यायालयाने दिलेली कैद संपली तरी माणूस पुष्कळदा पूर्ण मोकळा होत नाही. काही वर्षे त्याला प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहावे लागते. ठरलेल्या भेटीला हजर राहणे, नशा न करणे अशा अटी असतात. १९८४ च्या कायद्याने ही पद्धत आणली. सुटलेला माणूस समाजात पुन्हा रुजावा, हा तिचा हेतू.

समजा, गाडी नसल्यामुळे दूरच्या कार्यालयातील भेटी चुकल्या. मग सुनावणी होते. येथे सहसा ज्यूरी नसते. खटल्याला लागतो तसा निःसंशय पुरावाही लागत नाही. अट मोडल्याचीच शक्यता अधिक आहे, एवढे न्यायाधीशांना पटले की पुरे. सुटका रद्द होऊन पुन्हा तुरुंग वाट्याला येऊ शकतो.

या निर्णयावर अपील करता येते. त्यासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. मुदत: निकालाची नोंद झाल्यापासून १४ दिवसांत अपिलाची नोटीस दाखल करावी लागते. गरिबाला न्यायालय वकील नेमून देते.

२. हरकत: अडचण काय होती, हे पहिल्या सुनावणीतच सांगावे. तेथे न मांडलेला मुद्दा अपिलात टिकणे कठीण असते. घटना काय घडली याबाबत वरचे न्यायालय सहसा खालच्या न्यायाधीशांचेच मत मानते. कायद्याची चूक मात्र ते स्वतः तपासते.

३. कारण: सुटका रद्द करताना मूळ गुन्ह्याचा बदला घेण्याचा विचार करता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एस्टेरास खटल्यात ठरवले. निकालात असा विचार दिसल्यास अपिलाला बळकट आधार मिळतो.

अपील चालू असतानाही माणूस बहुधा तुरुंगातच असतो. शिक्षा थोडी असेल, तर निकाल लागण्याआधीच ती भोगून होते. म्हणून अशा कुटुंबाला मदत करायची तर ती सुनावणीपूर्वी करावी: कार्यालयापर्यंत नेणारे वाहन, भेटींच्या तारखांची वही, वकिलाला वेळेवर निरोप.

विचारासाठी प्रश्न: आपल्या भागात तुरुंगातून परतलेल्या आदिवासी बांधवाला तारखेला वेळेवर पोहोचवायला कोण आहे?