मगरीच्या अंड्यांची उबवण

कोंबडी आपल्या अंड्यांवर २१ दिवस बसते व मधूनमधून ती उलटविते, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. मगरीची रीत निराळी आहे. पाण्याच्या काठी मातीत खड्डा करून मादी त्यात पंचवीस-तीस अंडी घालते आणि वर माती लोटते. ती घरट्याची राखण करते खरी. परंतु अंड्यांना ऊब मिळते ती उन्हाने तापलेल्या मातीची.

कातड्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे भारतातील मगरी दुर्मिळ झाल्या, तेव्हा त्यांची पैदास करण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्यासाठी रोम्युलस व्हिटेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकिनाऱ्यावर 'मद्रास क्रोकोडाइल बँक' स्थापन केली.

घरट्यातील अंडी काढून पेटीत उबवावयाची असल्यास दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पहिली अशी की, अंडे घातल्यानंतर सुमारे एका दिवसात आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटल्यास गर्भ दगावण्याचा संभव असतो. म्हणून अंड्याच्या वरच्या अंगास पेन्सिलीने खूण करून ते त्याच स्थितीत उचलतात. दुसरी गोष्ट ओलाव्याची. हवा फार कोरडी असल्यास अंड्यातील पाणी कवचातून निघून जाते.

एवढी काळजी घेऊन सर्व पिले सुखरूप बाहेर आली, तर कार्य सिद्धीस गेले काय? तसे म्हणता येत नाही. मनुष्यात मूल मुलगा होणार की मुलगी, हे गर्भधारणेच्या वेळीच ठरते. मगरीत मात्र ते उबवणीच्या काळातील उष्णतामानावरून ठरते. जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि व्हिटेकर यांनी मद्रास येथील अंड्यांवर केलेले प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाले. अंडी २८ ते ३१ अंश सेंटिग्रेड उष्णतामानात ठेवली असता केवळ माद्या निपजल्या, ३२.५ अंशांवर नर निपजले. म्हणजे अवघ्या दीड अंशाने सारा फरक पडला!

निसर्गात एखादे घरटे सावलीत असते, तर एखादे उन्हात. त्यामुळे नर व माद्या दोन्ही जन्मास येतात. पेटीचे उष्णतामान सतत ३० अंश ठेवले, तर प्रत्येक अंड्यातून मादीच निघेल. अशी पिले नर नसलेल्या तळ्यात सोडली, तर तेथे मगरींचा वंश कसा वाढावा? पृथ्वीचे उष्णतामान वाढत असताना हा प्रश्न निसर्गातील घरट्यांनाही लागू होतो.

मगर व तिची अंडी यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. नदीकाठी असे घरटे दिसल्यास त्यास हात न लावता वनखात्यास कळवावे. कुतूहलाने उचलून घरी आणलेले अंडे बहुधा वाटेतच उलटते, आणि त्याबरोबर एक जीवही हरपतो.