पालखीपुढे काय वाजवायचं?

शिमग्याच्या पालखीपुढे किंवा गणपतीच्या मिरवणुकीत वाजवायचं ठरलं, की पथकाच्या पहिल्याच बैठकीत गाण्यांची यादी होते. यादीत 'झिंगाट' असतंच. ती यादी तूर्त बाजूला ठेवा आणि हरिहरेश्वरात पालखी किंवा मिरवणूक ज्या वाटेनं जाणार ती वाट एकदा रिकाम्या हातानं चालून या. काय वाजवायचं हे निम्मं ती वाटच ठरवते.

चालताना जागोजागी थांबून जोरात टाळी वाजवा. देवळाच्या आवारात दगडी भिंतींवर आपटून आवाज परत येतो. तिथे ताशाची दाट तर्री घेतली तर एक ठोका दुसऱ्यात मिसळून नुसता गलका होतो. म्हणून आवारासाठी सुटे, मोकळे ठोके असलेला ताल निवडा. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधली पाखाडी उलट वागते. तिथे घुमारा नसतो, माणसं हाताच्या अंतरावर असतात आणि ताशाची बारीक कामगत नीट ऐकू येते. समुद्राकाठच्या उघड्या वाळूवर ती कामगत वाऱ्यावर जाते, उरतो तो ढोल. विसर्जनाला किनाऱ्यावर पोचल्यावर नाजूक काही काढू नका. जाता जाता एक सांगतो, देवळामागच्या प्रदक्षिणामार्गावर ढोल उतरवायची कल्पना कुणी काढली तर तिथल्या तिथे मोडून काढा. भरतीला ती वाट पाण्याखाली असते, ओहोटीला खडक निसरडे असतात.

मग आपल्याकडे वाद्यं कोणती आहेत ते बघा. खालूबाजा असेल, म्हणजे सनई, ढोल, टिमकी, झांज, तर चाल वाजवायला सनई आहे. अमेरिकेतल्या ड्रम कोअरमध्ये, म्हणजे मैदानावर संचलन करत वाजवणाऱ्या पथकांत, चाल वाजवायचं हे काम पितळी वाद्यं करतात, त्यामुळे 2008 साली तिथली स्पर्धा जिंकणारं फँटम रेजिमेंट हे पथक बंडखोर गुलाम 'स्पार्टाकस'ची अख्खी गोष्ट मैदानावर मांडू शकलं. सनई असली तरी तिची मर्यादा ओळखून गाणं घ्या. चाल दीड सप्तकात बसली पाहिजे, ओळ संपल्यावर श्वासाला जागा पाहिजे. सिनेमातल्या गाण्याचा निम्मा डौल मधल्या व्हायोलिनच्या तुकड्यांत असतो, ते तुकडे गेल्यावर मागे काय उरतं ते गुणगुणून पाहा. दोन सनया असतील तर एक नुसता सूर धरू दे. दोघांनी मिळून चाल वाजवायचा हट्ट बहुतेक वेळा बेसूर होतो.

पुणेरी धाटणीचं नुसतं ढोल-ताशाचं पथक असेल तर कसोटी वेगळी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. गाणं तोंडानं अजिबात न म्हणता, फक्त बोटांनी पाटावर ठोकून दाखवा. समोर पथकाबाहेरचं माणूस बसवा, घरातली आजी उत्तम. दोन ओळींत तिला गाणं ओळखता आलं तर ते घ्या. नाही आलं तर ते कितीही गाजलेलं असो, सोडा. ढोलाला सूर नसतो, ऐकणाऱ्यापर्यंत पोचते ती शब्दांची लांबी-आखूड. म्हणून आरत्या, गजर, भीमरूपीसारखी स्तोत्रं ढोलावर इतकी चपखल बसतात. त्यांची अक्षरं ठोक्यासारखीच पडतात, आणि लोकांना ती पाठ असल्यामुळे ढोल वाजला की शब्द ते मनात स्वतःच म्हणतात. संथ भावगीत या कसोटीत पहिल्याच फेरीत गळतं. 'झिंगाट' टिकतं, पण 2016 पासून ते इतक्या पथकांनी वाजवलंय, की ते काढल्यावर तुमचं पथक कुठलं हे कुणी विचारणार नाही.

आता लय. ती वादकांनी ठरवायची नाही, पालखी उचलणाऱ्यांनी ठरवायची. भोयांना एकदा तालमीला बोलवा, खांद्यावर वजन घेऊन चालायला सांगा आणि मिनिटाला किती पावलं पडतात ते मोबाइलवर मोजा. चालीच्या तालाची लय तीच. पालखी नाचवताना ती वाढते, पण तेव्हाही ढोलानं त्यांच्या मागे जायचं, त्यांना पुढे ओढायचं नाही. लय पळाली की दांडा खांद्यावरून सरकतो. सहा मात्रांचा ठेका डोलायला गोड, पण दांड्याखाली आठ मात्रांचा बरा, कारण डावं-उजवं पाऊल बिनचूक जुळतं. लेझीम बरोबर असेल तर आठच घ्या, वाद घालू नका.

क्रम लावताना इथल्या दर्शनाची रीत आठवा. आधी कालभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा कालभैरव. वादनालाही हा घाट शोभतो. साधा गजर, मध्ये तुमचं सगळ्यात मेहनतीचं काम, शेवटी पुन्हा तोच गजर, थोडा चढा. एका दमात पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका. तिथून पुढे हात जड होतात आणि ऐकणारेही कंटाळतात, हे वादकांना कबूल नसतं. घरापुढे पालखी थांबून ओटी भरली जाते तेव्हा ढोल पूर्ण बंद. सनई असेल तर ती एकटी, हलकी. ही थांबायची ठिकाणं गाण्यांइतकीच काळजीपूर्वक कागदावर लिहा, कारण ढोल थांबल्याशिवाय पुन्हा सुरू झाल्याची मजा येत नाही.

गणपतीसाठी निवडत असाल तर हवेचा हिशेब घाला. भाद्रपदातल्या दमट हवेत चामड्याचं पान सैल पडतं, आवाज बसतो आणि जलद हात चिखलात रुतल्यासारखे ऐकू येतात. शेक देऊन पान तेवढ्यापुरतं ताणतं, पण मिरवणुकीत दर वळणावर शेकोटी कोण पेटवणार? फायबरचं पान असेल तर प्रश्न नाही. चामडंच असेल तर एक जलद ताल कमी करा आणि त्याचा संथ पर्याय तयार ठेवा. शिमग्याला हा त्रास नसतो.

रात्री 10 ते सकाळी 6 वाजवायला बंदी असते. सणांच्या काही ठराविक दिवशी शासन 12 पर्यंत सूट देतं, आपली रात्र त्यात आहे का ते पोलीस ठाण्यात आधी विचारा. नसेल तर क्रम असा लावा, की सगळ्यात चांगला तुकडा साडेनऊच्या आत होऊन जाईल.

शेवटची तालीम बंद खोलीत नको, त्याच वाटेवर घ्या, चालत. एकानं वाजवायचं नाही, पन्नास पावलं पुढे राहून ऐकायचं आणि काय कळलं, काय नाही ते लिहून आणायचं. त्याच्या कागदावर जे गाणं आलं नाही ते यादीतून जातं, मग ते ज्यानं सुचवलंय तो पथकप्रमुख का असेना.