फिजीला व्हिसा लागत नाही, मग ग्रुप अडकतो कुठे?

टूरच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत फिजीचा मुद्दा घाईत उरकला होता. तो इथे नीट बघू.

भारतीय पासपोर्टवर फिजीला जाण्याआधी व्हिसा काढावा लागत नाही. नादी विमानतळावर उतरल्यावर व्हिजिटर परमिट मिळतं, जास्तीत जास्त चार महिन्यांचं. पासपोर्टची मुदत मुक्कामानंतर किमान सहा महिने हवी. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता यायला हवेत. एवढंच.

पण खरी गोची वाटेत आहे. भारतातून फिजीला थेट विमान नाही. सिंगापूर, हाँगकाँग, नाहीतर ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे जावं लागतं. समजा, तुम्ही चार कुटुंबांना पॅकेज विकलंत आणि स्वस्त पडतं म्हणून सिडनीमार्गे तिकिटं काढलीत. भारतीयांना सिडनीत फक्त विमान बदलायचं असलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज आधी करावा लागतो. तो नसेल तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच ग्रुप थांबतो. कागद अपुरे असलेला प्रवासी परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते, म्हणून तिथला माणूस ऐकून घेत नाही. तिकिटं गेली, हॉटेल गेलं, आणि गिऱ्हाईक पैसे तुमच्याकडेच मागणार.

सिंगापूरमार्गे सोपं पडतं, पण सगळा प्रवास एकाच बुकिंगवर घ्या. दोन वेगळी तिकिटं काढलीत आणि बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करायची वेळ आली, तर इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं. मग सिंगापूरचा व्हिसा लागतो. म्हणून कोटेशन देताना फक्त भाड्याचा आकडा बघू नका, रूट बघा.

आता सामान. फिजीचे बायोसिक्युरिटीचे नियम कडक आहेत. खाण्याचे पदार्थ, बी-बियाणं, दूध-तूप, मध, लाकडी वस्तू, सगळं उतरतानाच्या फॉर्मवर लिहायचं. पूजेची सुपारी, नारळ, आंब्याची पानंसुद्धा! (आपल्या मावशींच्या पर्समध्ये हे हमखास सापडतं.) जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील; लपवली तर दंड. १०,००० फिजी डॉलर किंवा त्याहून जास्त रोख असेल तर तेही जाहीर करायचं.

काहींनी विचारलंय, मसाल्यांसाठी तिथे डीलर शोधायला जाता येईल का? जाता येईल. १८७९ पासून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांचे वंशज तिथे मोठ्या संख्येने आहेत, हिंदी चालते. मात्र धंद्याच्या भेटीगाठींसाठी व्हिजिटर म्हणून १४ दिवसांपर्यंतच मुभा आहे. त्याहून जास्त काम असेल तर निघण्याआधी वेगळं परमिट काढा. आणि सॅम्पलची पाकिटं कारखान्यात सील केलेली, इंग्रजी लेबलची न्या. घरच्या डब्यात भरलेला गोडा मसाला तिथल्या अधिकाऱ्याला कसा समजावणार?