रॅमचा भाव पाहून शाखा निवडू नका

प्रवेशाचे दिवस आले की नाशिकच्या समुपदेशकांपुढे पालकांची रांग लागते आणि आता बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. मेमरी चिप बनवणारी मायक्रॉन कंपनी गुजरातेत साणंदला आली, मेमरीचे भाव कडाडले, मग मुलाला व्हीएलएसआय घेऊन द्यायचं का? काही जण तर मॅनेजमेंट कोट्याच्या पैशांची जुळवाजुळव करूनच आलेले असतात.

त्यांनी आधी साणंदला नेमकं काय होतं ते पाहावं. जून २०२३ मध्ये मंजूर झालेला हा २२,५१६ कोटींचा प्रकल्प मेमरीच्या जुळणीचा आणि चाचणीचा आहे. चिप कोरलेल्या सिलिकॉनच्या चकत्या, म्हणजे वेफर, परदेशातून तयार होऊन येतात. इथे ते कापून चिपचं पॅकेजिंग आणि तपासणी होते. चिपची रचना करणं, म्हणजे व्हीएलएसआयचं मुख्य काम, हे वेगळं क्षेत्र आहे.

राहिला भाव. मेमरीचा बाजार लासलगावच्या कांद्यासारखा चालतो. डीआरएएम, म्हणजे संगणकातली नेहमीची रॅम, ठरलेल्या मानकानुसार बनते, त्यामुळे माल सॅमसंगचा असो वा एसके हायनिक्सचा, खरेदीदार बघतो भावच. तेजीत सगळेच क्षमता वाढवतात आणि दोन-तीन वर्षांनी माल एकदम बाजारात येतो. यंत्रांत पैसा अडकलेला असतो, म्हणून मंदीतही कारखाना सहसा बंद ठेवता येत नाही. या चक्रात इंटेलने १९८५ मध्ये डीआरएएम सोडली, २००९ मध्ये जर्मनीची क्विमोंडा बुडाली, २०१२ मध्ये जपानच्या एल्पिडाने दिवाळं जाहीर केलं. २०२३ मध्ये एसके हायनिक्स मोठ्या तोट्यात होती. दोनच वर्षांत एआयच्या सर्व्हरमुळे मागणी एवढी वाढली की मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ ब्रँडचा व्यवसाय गुंडाळायचं ठरवलं. आज प्रवेश घेणारी मुलगी चार वर्षांनी बाहेर पडेल तेव्हा तेजी असेल की मंदी, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगतो, तो पालकांना फसवतो.

या धंद्यात हुशारीपेक्षा खर्च जिंकतो. एसआरएएम ही मेमरी वेगवान, पण एका बिटला सहसा सहा ट्रान्झिस्टर खाते. डीआरएएमचं एक ट्रान्झिस्टर आणि एका कपॅसिटरवर भागतं. म्हणून पहिली प्रोसेसरच्या पोटात थोडीशी, दुसरी संगणकात भरपूर. इंटेलची ऑप्टेन मेमरी फ्लॅश मेमरीपेक्षा चपळ होती आणि वीज गेली तरी माहिती जपायची. फ्लॅशच्या स्वस्ताईपुढे ती टिकली नाही. २०२२ मध्ये इंटेलने तो व्यवसायच आवरता घेतला.

खर्चच जिंकतो म्हटल्यावर एका वेफरमधून जास्त चांगल्या चिप काढणारा, चाचणीचं यंत्र मिनिटभरही बंद पडू न देणारा माणूस मोलाचा ठरतो. व्हॅक्युम, वायू, अतिशुद्ध पाणी, सेन्सर ही त्याची दुनिया. इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, केमिकल या शाखांतून तो घडतो आणि नेमक्या याच शाखा पालक पसंतीक्रमात तळाला टाकतात.

डिप्लोमाचं नाव काढलं तरी घरात चेहरे पडतात. एआयसीटीईने २०२३ मध्ये व्हीएलएसआयच्या पदवीसोबत आयसी उत्पादनाच्या डिप्लोमाचाही अभ्यासक्रम आणला. त्याची चौकशी क्वचितच होते. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तेही कारखान्याची ओळख झाल्यावर. आणि नाशिकला ती ओळख दारातच आहे. अंबडला स्विचगिअर बनवणाऱ्या सीजी पॉवरच्याच उपकंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये साणंदला चिप पॅकेजिंगची प्रायोगिक लाइन सुरू केली. सातपूरच्या बॉशमध्ये इंजेक्टरचे भाग मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात बनतात.

ज्या मुलाला यंत्र उघडून बघायचंय, त्याला ‘लोक काय म्हणतील’ म्हणून सर्किटच्या पदवीत ढकलणं हा अन्याय आहे. मात्र त्याला हेही स्पष्ट सांगावं: चिपचा कारखाना चोवीस तास चालतो, रात्रपाळी असते, क्लीनरूममध्ये नखशिखांत झाकणारा सूट घालून तासन्‌तास उभं राहावं लागतं. कॉलेजची फी भरण्याआधी पालकांनी प्रयोगशाळा स्वतः पाहावी आणि शेवटच्या वर्षाची मुलं प्रशिक्षणाला कुठल्या कारखान्यात गेली, ते त्या मुलांनाच विचारावं.