आमची प्रतिकारशक्ती कमी नाही

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा चिवट दाह, आहे म्हटलं की ऐकणाऱ्याचा सल्ला ठरलेला: प्रतिकारशक्ती वाढव. च्यवनप्राश घे, कॅप्सूल घे. माझी आत्या तर गुळवेलीच्या काढ्याची बाटलीच घेऊन आली. तिला नाही म्हणणं जड गेलं, पण म्हटलं. या आजारात प्रतिकारशक्ती दुबळी नसते, ती नको तिथे राबत असते.

आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. निरोगी माणसाच्या प्रतिकारपेशी त्यांना सहन करतात. या पेशींतल्या काही टी-पेशींचं कामच बाकीच्यांना आवरण्याचं. आमच्यात हा आवर सुटतो. भक्षक पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात, इतर टी-पेशी दाह चालू ठेवतात, रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतूंवर व्हायचा मारा आतड्याच्या अस्तरावर होतो. रक्त पडतं ते तिथून. शौचातून रक्त आणि आव आठवड्यांवर गेले तर कोलोनोस्कोपी आणि बायोप्सीचं विचारा. मला कितीतरी महिने मूळव्याधीचं मलम मिळत होतं.

आत्याला नाही म्हणायला आणखी एक कारण होतं. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. आपल्यासारख्यांनी तो स्वतःच्या अंगावर तपासू नये.

निदानानंतर मला स्टेरॉईड सुरू झालं, पण पुढे त्याचा डोस उतरवला की रक्त पुन्हा सुरू, असं होऊ लागलं. डॉक्टरांनी टीएनएफ रोखणारं इंजेक्शन सुचवलं, पण आधी छातीचा एक्स-रे आणि इग्रा ही रक्ततपासणी. पोटाच्या दुखण्याला क्षयाची तपासणी कशाला, म्हणून मी वैतागलो. इग्रा पॉझिटिव्ह आली! खोकला नाही, ताप नाही, तरी क्षयाचे जंतू अंगात निपचित होते. भारतात ते असे पुष्कळांच्या अंगात असतात. भक्षक पेशी त्यांना सूक्ष्म गाठींत कोंडून ठेवतात आणि त्या गाठी टिकायला टीएनएफच लागतं. म्हणजे माझं आतडं सोलणारं प्रथिनच क्षयाला अडवून बसलं होतं. आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांनी इंजेक्शन. त्या आठवड्यांत घाई करू नका. क्षय आणि हिपॅटायटिस बी या दोन्ही तपासण्या झाल्यात ना, हे पहिल्या डोसआधी तोंड उघडून विचारा.

रक्त थांबलं की औषध सोडावंसं वाटतं. पण जुनी चकमक लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी अस्तरातच मुक्काम करतात, आणि जुलाब नसतानाही दाह धुमसत असू शकतो. तो कळतो मलातल्या कॅलप्रोटेक्टिनवरून. हे न्यूट्रोफिलमधलं प्रथिन. ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असलं तर सहसा ठीक. २५० च्या वर गेलं की डॉक्टर गंभीरपणे घेतात. तपासणी स्वस्त नाही, पण कोलोनोस्कोपीआधीचं ते पोट साफ करणारं पाणी ज्याने प्यायलंय त्याला परवडते.

गुडघा दुखला तरी मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून आणू नका. काहींचा आजार त्याने उसळतो. पीतज्वराची लस जिवंत विषाणूची असते, ती टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांवर असताना देत नाहीत. ही लस लागणाऱ्या आफ्रिकेतल्या देशात नोकरीसाठी जायचं घाटत असेल तर डॉक्टरांना उपचार सुरू होण्याआधीच सांगा.